जुन्या हत्यारावरचा ‘पेटंट’चा ठसा कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजोबांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. ते रिकामं करताना एका लाकडी पेटीत पाच वस्तू मिळाल्या. एक पितळी सेफ्टी रेझर, त्यावर इंग्रजीत ‘पॅट. नोव्ह. १५, १९०४’. सरकत्या जबड्याचा एक स्वीडिश पाना. उंदराचा लाकडी चाप, त्यावर काहीच नाही. डबे फोडायचं एक साधन, त्यावर ‘डी. आर. जी. एम.’ आणि एक मोठा आकडा. शिवाय कशाचं आहे तेच कळत नाही असं लोखंडाचं एक वाकडं अवजार, त्यावर फक्त ‘पेटंट अप्लाइड फॉर’. या ठशांचा अर्थ काय, वस्तू किती जुन्या, त्यांचे कागद मिळतील का, आणि आज आपण त्या बनवून विकल्या किंवा आपल्या नावाने पेटंट घेतलं तर चालेल का?

मी गेली २८ वर्षं पुण्यात पेटंट एजंट म्हणून काम करते आहे. त्यातला निम्मा वेळ जुनी पेटंटं वाचण्यात जातो. कुणी ‘मी हे नवं शोधलंय’ म्हणून आलं, की ते शंभर वर्षांपूर्वी कुणी शोधलं नव्हतं ना, हे आधी पाहावं लागतं. त्यामुळे तुमच्या पेटीतल्या वस्तू माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

रेझरपासून सुरुवात करते, कारण त्याचा कागद लगेच सापडतो. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने किंग कॅम्प जिलेट यांना एकाच दिवशी लागोपाठच्या क्रमांकांची दोन पेटंटं दिली: ७,७५,१३४ आणि ७,७५,१३५. मूळ अर्ज ३ डिसेंबर १९०१ चा होता. कागद उघडलात की पहिल्या पानावर रेझरचं सुबक चित्र दिसेल. मूठ, वरची टोपी, खालची कंगव्यासारखी पट्टी, मध्ये पातं. कुणालाही वाटेल, या सगळ्याचं पेटंट जिलेट यांना मिळालं. तसं नाही. खरी मेख शेवटच्या पानावर आहे.

आपल्याकडचं खरेदीखत आठवा. सुरुवातीला ‘लिहून देणार, लिहून घेणार’, मग मिळकतीची हकिगत, आणि त्यात चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस रस्ता. भांडण झालं तर कोर्ट हकिगत वाचतं, पण मोजणी होते ती चतुःसीमेची. जुन्या अमेरिकन पेटंटची बांधणी बरीचशी अशीच असते. सुरुवात ‘सर्वांस कळावे की मी, अमुक गावचा रहिवासी’ अशी. मग चित्रातल्या आकड्यांनुसार प्रत्येक भागाचं वर्णन. आणि अगदी शेवटी, क्रमांक घालून, क्लेम. क्लेम म्हणजे दावे, म्हणजेच पेटंटची चतुःसीमा. त्याच्या आत जे आहे तेवढंच मालकाचं. चित्रात दिसणारं बाकी सगळं गावाचं.

जिलेट यांच्या ७,७५,१३४ चा पहिला दावा काढून बघा. त्यात मूठ नाही, टोपी नाही. त्याचा आशय असा: काढता-घालता येणारं असं पातं, की जे इतकं पातळ आणि लवचीक आहे की धार ताठ राहण्यासाठी त्याला बाहेरून आधार द्यावाच लागतो. बस. सेफ्टी रेझर ही कल्पना काही जिलेट यांची नव्हती. न्यू यॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी १८८० मध्येच संरक्षक पट्टीचा रेझर काढला होता. पण त्यात जाड, पाचरीसारखं पातं असे. ते वस्तऱ्यासारखं पट्ट्यावर घासावं लागे आणि अधूनमधून सहाणेवर लावावं लागे. जिलेट यांचं म्हणणं एवढंच, की पातं इतकं पातळ आणि स्वस्त करा की त्याला धार लावायचीच नाही, बोथट झालं की टाकायचं. पातळ पातं एकट्याने थरथरतं, म्हणून टोपी आणि पट्टीने दाबून त्याला बाक द्यायचा. म्हणजे मूठ आणि टोपी ही त्या पातळपणाची गरज म्हणून आली.

हे कागदावर सोपं दिसतं. पण इतक्या पातळ पत्र्याला पाणी देणं, म्हणजे तो न वेडावाकडा होता कडक करणं, त्या काळच्या जाणकारांना अशक्य वाटत होतं. ते काम विल्यम निकरसन या इंजिनिअरने केलं. १९०३ मध्ये कंपनीने विकले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. तुमच्या आजोबांचं लेथवर आयुष्य गेलं असेल तर त्यांना निकरसनचं काम जास्त भावलं असतं, असं मला वाटतं. उष्णता देऊन पत्रा सरळ ठेवणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

आता ठशावरच्या तारखेबद्दल, कारण इथे बहुतेक जण फसतात. ती तारीख पेटंट मिळाल्याची आहे, वस्तू बनल्याची नाही. अमेरिकेत तेव्हा पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चाले, म्हणजे जिलेट यांचं १५ नोव्हेंबर १९२१ ला संपलं. मधल्या १७ वर्षांत बनलेल्या कुठल्याही रेझरवर हीच तारीख असू शकते. तुमचा रेझर १९०५ चा की १९२० चा, हे या तारखेवरून ठरणार नाही. त्यासाठी अनुक्रमांक, पेटी, पात्याचा लिफाफा बघावा लागतो. ‘१९०४ चा दुर्मीळ रेझर’ म्हणून कुणी विकायला आला तर हे लक्षात ठेवा.

मग तारीखच का छापत, क्रमांक का नाही? कारण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार वस्तूवर पेटंटचा दिवस आणि वर्ष टाकायचं होतं. १९२७ मध्ये कायदा बदलला आणि तारखेऐवजी क्रमांक बंधनकारक झाला. त्यामुळे नुसती तारीख असलेली अमेरिकन वस्तू दिसली की तिचं पेटंट बहुधा १९२७ च्या आधीचं समजायला हरकत नाही.

एक युक्ती सांगते. मला ती माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच महिन्यात शिकवली, आणि आजही मी रोज वापरते. अमेरिकन पेटंटं फक्त मंगळवारी दिली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही रीत आहे. ठशावरची तारीख कॅलेंडरवर ताडून बघा. १५ नोव्हेंबर १९०४, मंगळवार. बरोबर. झिजलेल्या ठशावर ३ आहे की ८, असा घोळ असतो तेव्हा दोन्ही तारखा ताडायच्या आणि मंगळवार निघेल ती धरायची. कुठलीच मंगळवारी पडत नसेल, तर ते अमेरिकेचं पेटंट नाही, किंवा ठसा खोटा आहे. आणि खोटे ठसे त्या काळातही होते, कारण ‘पेटंट’ या शब्दाने माल खपायचा.

तारखेवरून क्रमांक काढायचा असेल तर वर्षाच्या पहिल्या क्रमांकांचा तक्ता जवळ ठेवा. १९०० साल ६,४०,१६७ पासून सुरू होतं, १९०५ साल ७,७८,८३४ पासून, १९१० साल ९,४५,०१० पासून. दहा लाखावं पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजी गाडीच्या टायरच्या सुधारणेला मिळालं. १९२० साल १३,२६,८९९ पासून. म्हणजे त्या वीस वर्षांत जवळपास सात लाख पेटंटं निघाली. त्यातली विजेची, आगगाडीची मोठी यंत्रं सगळ्यांना माहीत असतात. पण बटाटे सोलायची साधनं, कपड्यांचे चिमटे, खिडक्यांच्या कड्या, कोंबड्यांची खुराडी, गाईचं दूध काढायची यंत्रं, कुंपणाच्या तारा ताणायचे चिमटे यांची रास त्यांच्यापुढे केवढी मोठी आहे, ते चाळल्याशिवाय कळत नाही. नुसत्या उंदराच्या सापळ्यांवर अमेरिकेत आजवर चार हजारांहून अधिक पेटंटं दिली गेली आहेत.

सापळ्याचा विषय निघालाच आहे तर तुमच्या लाकडी चापाचं सांगते आणि पुढे जाते. फळीवर स्प्रिंग आणि चौकोनी तार असा चाप १८९४ मध्ये इलिनॉयच्या विल्यम हूकरने पेटंट केला. इंग्लंडमध्ये लीड्सच्या जेम्स हेन्री ॲटकिन्सनने १८९९ मध्ये त्याचा प्रसिद्ध ‘लिटल निपर’ नोंदवला. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन मास्टला १७ नोव्हेंबर १९०३ रोजी आणखी एक मिळालं. तिन्ही चित्रं शेजारी ठेवली तर नवख्याला फरक दिसत नाही, आणि तरी तिघांना पेटंट मिळालं, कारण फरक चाप अडकवून ठेवणाऱ्या काडीत आणि तिच्या पकडीत असतो. तुमच्या चापावर ठसा नाही, त्यामुळे तो या तिघांपैकी कुणाचा असल्याचा पुरावा नाही. अशी नक्कल कुठल्याही गावचा सुतार करू शकत होता.

‘डी. आर. जी. एम.’ कडे जरा नीट बघू, कारण ते बहुतेक लोक पेटंट समजतात. तो जर्मन ठसा आहे. जर्मनीत दोन वेगळ्या नोंदी होत्या. ‘डी. आर. पी.’ म्हणजे साम्राज्याचं पूर्ण पेटंट: त्याची कसून तपासणी होई आणि मुदत मोठी असे. ‘डी. आर. जी. एम.’ म्हणजे छोट्या, उपयोगी सुधारणांची साधी नोंद. ती १८९१ पासून सुरू झाली. आधी तीन वर्षं, मग वाढवून आणखी तीन. तपासणी जवळजवळ नाही, फी कमी. घरगुती वस्तूंसाठी ही सोय फार उपयोगी पडली. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्स यांनी १९०८ मध्ये कॉफी गाळायची युक्ती अशीच नोंदवली होती. पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडली, आणि त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. कॉफीचा चोथा तळाशी राहतो, कपात येत नाही. घरातल्या बाईने स्वयंपाकघरात, हातातल्या सामानाने सोडवलेला प्रश्न, आणि तिने तो स्वतःच्या नावावर नोंदवला. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. मोठ्या पेटंटचा खर्च आणि तपासणी बघून तिने कदाचित सोडून दिलं असतं. तुमच्या डबे फोडायच्या साधनाचा कारखानदारही याच रांगेत उभा राहिलेला दिसतो. त्या आकड्याला लाखांमध्ये बघून दचकू नका, नोंदींची संख्याच तेवढी होती.

असेच आणखी दोन ठसे पुढे कधी भेटतील म्हणून सांगून ठेवते. फ्रेंच वस्तूवर ‘एस. जी. डी. जी.’ असतं, त्याचा अर्थ ‘सरकारच्या हमीशिवाय’. म्हणजे पेटंट दिलंय, पण वस्तू चांगली आहे असं सरकार म्हणत नाही. इंग्रजी वस्तूवर ‘आर. डी. नंबर’ असेल तर ती नक्षी-आकाराची नोंद, पेटंट नव्हे. आणि ब्रिटिश पेटंटचे आकडे १९१५ पर्यंत दर वर्षी एकपासून सुरू होत, त्यामुळे वर्षाशिवाय नुसता आकडा निरुपयोगी. १९१६ पासून ते १,००,००१ पासून सलग चालू झाले.

‘पेटंट अप्लाइड फॉर’ याचा अर्थ फक्त अर्ज केला आहे. हक्क शून्य. कित्येक वस्तूंवर हा ठसा वर्षानुवर्षं राहिला आणि पेटंट कधी मिळालंच नाही. तुमच्या अनोळखी अवजाराचा कागद म्हणूनच सापडेल की नाही, याची खात्री देता येत नाही. त्याच्याकडे शेवटी परत येते.

स्वीडिश पान्याबद्दल मात्र आनंदाने लिहिते. सरकता जबडा असलेले पाने आधीही होते, पण एका मळसूत्राने जबडा मागेपुढे करणारा, आज आपण सगळे वापरतो तो घाट स्वीडनमधल्या एन्शोपिंग गावच्या योहान पेटर योहान्सन यांचा. पेटंट १८९२ चं. त्याच्या आधी १८८८ मध्ये त्यांनी पाइप धरायचा पानाही काढला होता. त्यांचा माल जगभर विकायचं काम स्टॉकहोमच्या योर्ट (Hjorth) यांच्या व्यापारी पेढीने घेतलं, आणि त्या पेढीच्या नावावरून ‘बाको’ हा शिक्का आला. आता गंमत बघा. हीच पेढी फ्रान्स विल्हेम लिंडक्विस्ट यांचा रॉकेलचा स्टोही जगभर विकत होती. त्याचं नाव प्रायमस. वात नाही, पंप मारून रॉकेल वर चढवायचं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ करायची आणि ती निळ्या ज्योतीने जाळायची. माझ्या आजीच्या हाताला स्टोच्या पिनेचा चांगला सराव होता. तुमच्या आजोबांच्या हातातला पाना आणि आपल्या आज्यांच्या ओट्यावरचा स्टो एकाच दुकानदाराने जगभर पोचवले, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

इथे एक गोष्ट ठामपणे म्हणते. पेटंट मिळालं म्हणजे वस्तू उत्तम, हे खरं नाही, आणि उत्तम वस्तूला पेटंट असतंच, हेही नाही. कागदांना लावायची क्लिप घ्या. नॉर्वेच्या योहान वॉलर यांना तिच्यासाठी जर्मनीत पेटंट मिळालं आणि ४ जून १९०१ रोजी अमेरिकेतही, क्रमांक ६,७५,७६१. चित्र बघितलंत तर लगेच लक्षात येईल: तारेचा शेवटचा आतला वळसा त्यात नाही. त्यामुळे कागद सरकवायला त्रास आणि पकड कमी. आपण रोज वापरतो ती दोन वळशांची ‘जेम’ क्लिप त्याआधीच इंग्लंडमध्ये बनत होती, आणि तिच्यावर कुणी पेटंट घेतलंच नाही. नॉर्वेने १९८९ मध्ये वॉलर यांच्या सन्मानार्थ एक भली मोठी क्लिप उभारली, १९९९ मध्ये टपाल तिकीट काढलं, आणि दोन्हीकडे आकार जेमचा आहे. चित्र न वाचता नाव वाचलं की असं होतं.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे कपड्यांची झिप, आपण जिला ‘चेन’ म्हणतो ती. १८९३ मध्ये शिकागोच्या व्हिटकॉम्ब जडसनने बुटांसाठी सरकती पकड पेटंट केली होती, पण ती मध्येच उघडायची. स्वीडनमध्ये जन्मलेले इंजिनिअर गिडिऑन सुंडबॅक अमेरिकेत जडसनच्याच कंपनीत आले आणि वर्षानुवर्षं त्या एकाच दोषामागे लागले. २० मार्च १९१७ चं त्यांचं पेटंट, क्रमांक १२,१९,८८१, मी नव्या उमेदवारांना मुद्दाम वाचायला देते. त्यातलं नवं काय? प्रत्येक दात्याच्या एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला तसाच खळगा. एका दात्याचा उंचवटा समोरच्या दात्याच्या खळग्यात बसतो, आणि दाते इतके जवळजवळ की कापड वाकलं तरी ते सुटत नाहीत. बस, एवढंच. त्यांनी दाते बनवायचं यंत्रही तयार केलं, आणि माझ्या मते धंदा त्या यंत्राने चालला. जडसन यांना कल्पना सुचली होती, पण हा उंचवटा आणि खळगा सुचला नव्हता.

शेतीचं उदाहरण माझ्या माहेरचं देते. फलटणजवळ आमचं शेत आहे. तिथे आज रोटाव्हेटरशिवाय पेरणीची तयारी होत नाही. त्याची पाती झिजली की भाऊ तालुक्याहून संच आणतो. ती पाती सरळ का नसतात, काटकोनात वाकलेली का असतात, हे त्याने मला विचारलं तेव्हा मी ऑस्ट्रेलियाच्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांची गोष्ट सांगितली. न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्राला त्यांच्या वडिलांचं शेत होतं. १९१२ मध्ये त्यांनी वडिलांच्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून फिरणाऱ्या पात्यांनी माती उकरून पाहिली. नांगराने खालची माती दाबली जाते, फिरत्या पात्यांनी तसं होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पण माती बाजूला उधळली जाई. तो दोष त्यांनी इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी पाती छोट्या व्यासाच्या दांड्यावरच्या चकत्यांना जोडून घालवला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि काम थांबलं. पेटंट झालं १९२० मध्ये. फलटणच्या शेतात आज फिरणारं पातं त्याच ‘एल’चं आहे. भावाने ते ऐकून जुनं झिजलेलं पातं उचलून बराच वेळ फिरवून पाहिलं.

आता शोधायचं कसं ते. गूगल पेटंट्सवर ‘यूएस’ ही इंग्रजी अक्षरं आणि मागे क्रमांक, स्वल्पविराम न देता टाका, अमेरिकेचं कुठलंही जुनं पेटंट उघडतं. युरोपच्या पेटंट कार्यालयाचा एस्पेसनेट हा खुला संग्रह ब्रिटिश आणि जर्मन कागदांसाठी चांगला. फक्त हत्यारं आणि यंत्रं यांच्यासाठी अमेरिकेतल्या हौशी लोकांनी बनवलेली ‘डेटॅम्प’ नावाची सूची आहे, तिच्यात कारखान्याच्या नावावरूनही शोधता येतं. तुमच्यासारख्यांसाठी तीच सगळ्यात कामाची.

क्रमांक माहीत नसेल तर शब्दांवर विसंबू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ चहाच्या पुरचुंडीची, म्हणजे टी-बॅगची, सुधारणा घेऊन आले होते. मी आजच्या नावाने शोध घेतला, काही मिळालं नाही, आणि वाट मोकळी आहे असं त्यांना सांगितलं. नंतर पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने १९०३ चा कागद समोर ठेवला. मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लारेन या दोघींचं ते पेटंट, एका कपापुरती चहापत्ती राहील अशी विरळ सुती कापडाची पिशवी, क्रमांक ७,२३,२८७. शीर्षक काय? ‘टी-लीफ होल्डर’. आजचा शब्द त्यात नव्हताच. त्या गृहस्थांचे फीचे पैसे वाया गेले, आणि ते मला आजही लागून राहिलं आहे. तेव्हापासून मी जुन्या नावांची वही ठेवते. चेन म्हणजे ‘सेपरेबल फासनर’. व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे ‘कार्पेट स्वीपर अँड क्लीनर’: ओहायोमधल्या कँटनच्या जेम्स मरी स्पँगलर या झाडूवाल्याने, धुळीने दमा उसळतो म्हणून, पंखा, फिरता ब्रश आणि उशीचा अभ्रा जोडून केलेलं यंत्र. २ जून १९०८. तेच पुढे हूवर कुटुंबाने विकत घेतलं.

शब्दांपेक्षा वर्गाने शोधणं भरवशाचं. सगळ्या जुन्या कागदांना आता आंतरराष्ट्रीय वर्गांचे सांकेतिक क्रमांक लावलेले आहेत. पाने आणि पकडी ‘बी२५बी’ मध्ये, रेझर ‘बी२६बी’ मध्ये, स्वयंपाकघरातली साधनं ‘ए४७जे’, झाडलोटीची ‘ए४७एल’, मशागतीची अवजारं ‘ए०१बी’, उंदीर-घुशींचे सापळे ‘ए०१एम’. वर्ग आणि वर्षांची मर्यादा घालून नुसती चित्रं चाळायची. वेळ लागतो. पण डोळा एकदा तयार झाला की तासाभरात दोनशे चित्रं होतात.

भारतातल्या ठशांबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे १८५६ मध्ये पहिला कायदा झाला, आणि त्याखाली कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पहिला अर्ज केला तो पंखा ओढायच्या यंत्राचा. घरगुती गरजच. हक्क १४ वर्षांचा, आणि नाव ‘पेटंट’ नव्हे तर ‘एक्सक्लुझिव्ह प्रिव्हिलेज’. १९११ च्या कायद्याने पेटंट आणि डिझाइन या नावांखाली व्यवस्था आली. तुमच्या वर्कशॉपमध्ये आणखी काही सापडलं आणि त्यावर ‘इंडियन पेटंट’ असेल तर ते बहुधा १९११ नंतरचं. आपल्या मुंबईचे शंकर आबाजी भिसे याच काळातले. पीठ-साखरेसारखा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राने त्यांनी लंडनमध्ये स्पर्धा जिंकली, दादाभाई नौरोजींचा त्यांना पाठिंबा मिळाला, टाटांनी त्यांच्यात पैसा गुंतवला, आणि त्यांनी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, पाडायच्या यंत्रावर आयुष्याची वर्षं घातली. त्यांची पेटंटं इंग्लंड-अमेरिकेत आहेत. ती वाचली की दिसतं, माणूस किती बारकाईने विचार करत होता. मराठीत त्यांच्याबद्दल कौतुकाने पुष्कळ बोललं जातं, पण त्यांचे क्लेम कुणी मराठीत उलगडून सांगितलेले मी पाहिले नाहीत. कुणीतरी ते करावं अशी माझी फार इच्छा आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न: बनवता येईल का? हो. यातल्या सगळ्या पेटंटांची मुदत कधीच संपली आहे. दाव्यातलं सगळं आता सर्वांचं आहे, आणि कागदात मापं, वळणं, जुळणी इतकी स्पष्ट असते की चांगला फिटर त्यावरून वस्तू उभी करू शकतो. फक्त नाव वापरू नका. पेटंट संपतं, पण ट्रेडमार्क नूतनीकरण होत राहिला तर चालू राहतो. ‘जिलेट’ किंवा ‘बाको’ असा ठसा तुम्ही टाकलात तर नोटीस येईल. आणि स्वतःच्या नावाने पेटंट? नाही मिळणार. आपल्या १९७० च्या कायद्यानुसार जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेली गोष्ट नवी ठरत नाही. दोन जुन्या वस्तू शेजारी जोडल्या आणि दोन्ही आपापलं काम पूर्वीसारखंच करत राहिल्या, तर त्यालाही कलम ३ (एफ) खाली पेटंट मिळत नाही. पेटंट नसताना ‘पेटंटेड’ छापणं बेकायदा आहे आणि त्याला दंड होतो, तेही करू नका. मात्र जुन्या कागदातला एखादा दोष तुम्ही खरोखर दूर केलात, सुंडबॅकने जडसनचा केला तसा, तर तेवढ्या दुरुस्तीसाठी जरूर या.

किंमत किती येईल, हे माझं क्षेत्र नाही. रेझरची मूठ आणि टोपी मूळची असेल, अनुक्रमांक वाचता येत असेल, तर जमवणारे लोक विचारतात, एवढं खरं.

राहिलं ते अनोळखी वाकडं अवजार. त्याला पॉलिश पेपर लावू नका, तारेचा ब्रशही नको, नाहीतर उरलेला ठसा जाईल. दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, मऊ दातघासणीने हळू घासा, कोरडं करा. मग ठशावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्याची छाप घ्यायचो तशी. फोटोत न दिसणारी अक्षरं त्यात उमटतात. दोन्ही बाजूंची छाप, लांबी, तोंडाची रुंदी, आणि कुठला भाग हलतो ते लिहून पाठवा. झीज कुठे जास्त आहे तेही बघा. हात कुठे लागत होता आणि काम कुठे होत होतं, ते झिजेवरून कळतं, आणि त्यावरून कुठल्या वर्गात शोधायचं ते मी सांगू शकेन.